रिॲक्ट नेटिव्हची सुरुवात, घरच्या दुधाच्या हिशोबाचं ॲप बनवत बनवत

मोबाईल ॲप शिकायचंय म्हटलं की बरेच जण पहिल्याच दिवशी अँड्रॉइड स्टुडिओ डाउनलोडला लावतात, मग एसडीके, मग एम्युलेटर, मग जावाचं व्हर्जन जुळत नाही, मग कुठलातरी पाथ सेट करा, आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एम्युलेटर उघडतानाच मान टाकतो. आठवडा जातो, ॲपची एक ओळ लिहून झालेली नसते, आणि माणूस म्हणतो जाऊदे, आपलं काम नाही हे. तर सुरुवातीला यातलं काहीच लागत नाही. स्वतःचा फोन, एक बरा लॅपटॉप आणि थोडंफार जावास्क्रिप्ट एवढ्यावर रिॲक्ट नेटिव्ह वापरून फोनमध्ये चालणारं ॲप उभं राहतं, बाकीचं सामान गरज पडेल तेव्हा आणायचं.

थोडंफार जावास्क्रिप्ट म्हणजे फंक्शन, ॲरे, ऑब्जेक्ट, मॅप आणि फिल्टर, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट, असिंक-अवेट हे बघून घाबरायला होत नाही इतपत. हे नसेल तर आधी ते करा, कारण नंतर एरर आली की ती जावास्क्रिप्टची आहे की लायब्ररीची, म्हणजे आपण वापरतो त्या तयार कोडची, हेच कळत नाही आणि दोन्हीवरचा राग लायब्ररीवर निघतो.

हे नक्की काय आहे

रिॲक्ट ही फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली वेबसाठीची लायब्ररी. रिॲक्ट नेटिव्ह तिच्यातूनच निघालं, मोबाईल ॲपसाठी, मार्च २०१५ मध्ये ओपन सोर्स झालं ते फक्त आयफोनपुरतं, अँड्रॉइड त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलं. पुष्कळांना वाटतं की हे आतल्या आत ब्राउझर उघडून वेबपेज दाखवतं. तसं नाहीये. तुम्ही कोडमध्ये व्ह्यू लिहिला की अँड्रॉइडवर अँड्रॉइडचा खराखुरा व्ह्यू बनतो आणि आयफोनवर ॲपलचा यूआयव्ह्यू बनतो, जावास्क्रिप्ट फक्त काय आणि कुठे दाखवायचं ते ठरवतं, आणि ते जावास्क्रिप्ट फोनमध्ये हर्मीस नावाच्या इंजिनावर चालतं. पूर्वी या दोन बाजूंमध्ये ब्रिज असायचा, त्यावरून सगळे निरोप जायचे, आता ०.७६ व्हर्जनपासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, नवीन आर्किटेक्चर डिफॉल्ट आहे आणि तो ब्रिज गेला. इंटरव्ह्यूला हे विचारतात, आत्ता मात्र सोडून द्या.

एक्स्पो म्हणजे रिॲक्ट नेटिव्हच्या वरचं फ्रेमवर्क. कॅमेरा, फॉन्ट, नोटिफिकेशन, बिल्ड हे सगळं ते सांभाळतं. पूर्वी सीनियर लोक एक्स्पोला नाक मुरडायचे, आता रिॲक्ट नेटिव्हच्या अधिकृत डॉक्समध्येच नवीन ॲप एखाद्या फ्रेमवर्कवर सुरू करा असं लिहिलंय आणि नाव एक्स्पोचंच घेतलंय, त्यामुळे तो वाद संपला असं समजा. फ्लटर, म्हणजे मोबाईल ॲप बनवायचं गूगलचं फ्रेमवर्क, ते का नाही हा प्रश्न येणारच. फ्लटर चांगलं आहे, पण त्याला डार्ट शिकावी लागते, आणि जावास्क्रिप्ट येत असताना सुरुवातीलाच दुसरी भाषा कशाला अंगावर घ्यायची.

बनवायचं काय

ट्यूटोरियलमधली टू-डू लिस्ट नका करू, ती संपली की डोक्यात काहीच उरत नाही. त्यापेक्षा दूधवही करू. घरी रोज दूध येतं, कधी खाडा असतो, कधी पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त घेतलं जातं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणी लिहितं कुणी विसरतं, आणि महिन्याच्या शेवटी आपला आकडा आणि दूधवाल्यांचा आकडा जुळत नाही. ॲपमध्ये एकच स्क्रीन हवी: आजची तारीख, नेहमीचं, खाडा आणि वेगळं माप अशी तीन बटणं, खाली महिन्याची यादी आणि एकूण रुपये. दिसायला फालतू वाटतं, पण यात तारीख आहे, आकडे आहेत, सेव्ह करणं आहे आणि मराठी मजकूर आहे, आणि नवख्या माणसाला पुढे जे जे नडतं ते नेमकं या चार ठिकाणीच नडतं.

सामान जमवा

लॅपटॉपवर नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळलं जाणारं, व्हर्जन टाका, सगळ्यात नवीन आकड्याचं नको, एलटीएस असं लिहिलेलंच घ्या. एडिटर म्हणून व्हीएस कोड. फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून एक्स्पो गो, आपण बनवत असलेलं ॲप फोनवर चालवून दाखवणारं ॲप. झालं सामान.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण इथेच लोक अडकतात. पहिली, प्रोजेक्ट डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका, ते फोल्डर बहुतेक वेळा वनड्राइव्हशी सिंक असतात आणि नोड मॉड्यूल्स या पॅकेजांच्या फोल्डरमधल्या हजारो बारीक फाइली सिंक व्हायला लागल्या की सगळं रडतखडत चालतं. सरळ सी ड्राइव्हमध्ये कोड नावाचं फोल्डर करा, नावात स्पेस नको, मराठी अक्षरं नकोत. दुसरी, पॉवरशेलमध्ये कमांड दिली की स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही अशी लाल एरर येते, तेव्हा नोड परत इन्स्टॉल करत बसू नका, नोडचा काही दोष नाही. पॉवरशेल बंद करून साधं कमांड प्रॉम्प्ट उघडा, तीच कमांड तिथे चालते.

पहिल्यांदा फोनवर

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. कोड फोल्डरमध्ये जाऊन ही द्या:

एनपीएक्स क्रिएट-एक्स्पो-ॲप@लेटेस्ट दूधवही --टेम्प्लेट ब्लँक

शेवटचा टेम्प्लेट ब्लँकवाला तुकडा गाळू नका. तो नाही दिला तर टॅब, राउटर, टाइपस्क्रिप्ट, थीम असं भरलेलं ताट समोर येतं आणि कुठली फाइल कशासाठी आहे हे शोधण्यातच दिवस जातो. ब्लँकमध्ये कामाची फाइल एकच, ॲप डॉट जेएस. मग फोल्डरमध्ये शिरून:

एनपीएक्स एक्स्पो स्टार्ट

टर्मिनलमध्ये क्यूआर कोड येईल. अँड्रॉइडवर एक्स्पो गो उघडून त्यातूनच स्कॅन करायचा, आयफोनवर नेहमीच्या कॅमेऱ्यातून. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर पाहिजेत. एकाच वायफायवर असूनही फोन नुसता गोल गोल फिरत राहिला तर दोन संशयित. एक म्हणजे विंडोजचा फायरवॉल, सुरुवातीला परवानगीची खिडकी येते आणि आपण घाईत कॅन्सल दाबलेलं असतं. दुसरा म्हणजे हॉस्टेल किंवा ऑफिसचं वायफाय, तिथे एका डिव्हाइसला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. तिथे फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा, किंवा स्टार्टच्या पुढे --टनेल लावा, मग जोडणी इंटरनेटवरून वळसा घेऊन होते, टनेल हळू असतं पण काम भागतं.

आणखी एक हमखास अडचण: एक्स्पो गो म्हणतं की हा प्रोजेक्ट या व्हर्जनला चालत नाही. कारण असं की स्टोअरवरचं एक्स्पो गो एका वेळी एक्स्पोच्या एकाच एसडीके (ॲप बनवायच्या सामानाचा संच) व्हर्जनला धरून असतं, आणि तुम्ही कुणाचातरी जुना प्रोजेक्ट गिटहबवरून उचलला असेल तर जुळणार नाही. नवीन प्रोजेक्टला सहसा हे होत नाही. तरी झालं तर एक्स्पो गो अपडेट करा, मग एनपीएक्स एक्स्पो इन्स्टॉल एक्स्पो@लेटेस्ट, आणि त्यानंतर एनपीएक्स एक्स्पो इन्स्टॉल --फिक्स.

आता ॲप डॉट जेएसमधलं इंग्रजी वाक्य पुसून तिथे दूधवही लिहा आणि सेव्ह करा. फोन हातात असतानाच शब्द बदलतो. याला फास्ट रिफ्रेश म्हणतात, आणि खरं सांगायचं तर रिॲक्ट नेटिव्हची सवय लागते ती यामुळेच.

स्क्रीन मांडताना

वेब येणाऱ्यांनी एवढं डोक्यात ठेवायचं की इथे डिव्ह नाही, पॅराग्राफ नाही. डबा म्हणजे व्ह्यू, आणि अक्षर दिसायचं असेल तर ते टेक्स्टच्या आतच असायला हवं. व्ह्यूमध्ये उघडा शब्द ठेवला की लाल स्क्रीन. कधीकधी शब्द दिसतही नाही, एखादा सुटा स्पेस किंवा शून्य असतं. शून्य कुठून येतं? नोंदींची संख्या असेल तर यादी दाखव असं दोन अँड लावून लिहिलं आणि संख्या शून्य असली, की जावास्क्रिप्ट तिथे ते शून्यच ठेवून देतं आणि ॲप पडतं. संख्या शून्यापेक्षा मोठी आहे का असं पूर्ण लिहायचं.

मांडणी फ्लेक्सबॉक्सने होते, पण वेबवर डिफॉल्ट दिशा आडवी असते आणि इथे उभी. तीन बटणं शेजारी शेजारी हवीत तर त्यांच्या व्ह्यूला फ्लेक्स डिरेक्शन रो द्या आणि मधल्या जागेसाठी गॅप. मापांना पिक्सेल वगैरे लिहायचं नाही, नुसता आकडा. सगळं बरोबर लिहूनही स्क्रीन पांढरी दिसत असेल तर बहुतेक बाहेरच्या व्ह्यूला फ्लेक्स १ द्यायचं राहिलंय आणि त्याची उंची शून्य झालीये. वरची तारीख कॅमेऱ्याच्या खाचेखाली जात असेल तर सेफ एरिया कॉन्टेक्स्ट नावाचं पॅकेज घ्या. रिॲक्ट नेटिव्हच्या आतलंच सेफ एरिया व्ह्यू आता बाद होत चाललंय, ते नको.

बटणासाठी प्रेसेबल वापरा. बटन नावाचा तयार घटक आहे पण त्याला हवा तसा रंगरूप देता येत नाही, पाच मिनिटांत तुम्ही त्याला कंटाळाल.

स्टेट, म्हणजे सगळ्याचं मूळ

इथे जरा थांबा, घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर आहे. नवखा माणूस विचार करतो की बटण दाबलं की खालच्या यादीत एक ओळ टाकायची. रिॲक्टमध्ये तुम्ही ओळ टाकतच नाही. तुम्ही नोंदी बदलता, आणि नोंदींवरून स्क्रीन कशी दिसावी हे आधीच लिहिलेलं असतं, मग ती आपोआप तशी दिसते. ही बदलणारी माहिती म्हणजेच स्टेट. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा, की माझ्याकडे माहिती कुठली आणि ती कशा आकारात ठेवू.

दूधवहीत माहिती दोनच: रोजच्या नोंदी आणि लिटरचा भाव. नोंदी एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा, तारीख ही किल्ली आणि त्या दिवशीचं दूध ही किंमत, खाडा असेल तर शून्य. ज्या दिवशी नोंदच केली नाही त्या दिवसाची किल्ली असणारच नाही, त्यामुळे खाडा आणि विसरलेला दिवस वेगळे ओळखता येतात, आणि वादावादी तर त्याच दिवसांवरून होते. महिन्याची बेरीज मात्र स्टेटमध्ये ठेवू नका. ती नोंदींवरून दर वेळी काढता येते, जे काढता येतं ते वेगळं साठवलं की एक दिवस दोन्ही आकडे वेगळे निघतात. दूध लिटरमध्ये न ठेवता मिलीलिटरमध्ये ठेवा, पाचशे, हजार, दीड हजार, आणि भाव पैशांत, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, मागे आणखी आकडे लागतात, आणि पैशाच्या हिशोबात ते शेपूट फार लाजिरवाणं दिसतं.

हे सगळं यूज-स्टेट या रिॲक्टच्या फंक्शनने करायचं. दोन ठिकाणी घसरायला होतं. नोंदींच्या ऑब्जेक्टमध्ये थेट नवीन किल्ली घातली तर माहिती बदलते पण स्क्रीन ढिम्म, कारण रिॲक्ट ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं. म्हणून तीन टिंबं देऊन जुन्याची कॉपी करायची, त्यात नवी किल्ली घालायची आणि तो नवीन ऑब्जेक्ट सेट करायचा. दुसरं, सेट केल्या केल्या पुढच्याच ओळीत छापून बघितलं तर जुनीच किंमत दिसते, ती चूक नाही, नवी किंमत स्क्रीन पुन्हा काढताना मिळते.

जाता जाता, जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येतं, नोंदी असं लिहिलं तरी चालतं, गंमत म्हणून करून बघा. कायमचं नका करू, दर शब्दाला कीबोर्ड बदलून बोटं दुखतात.

तारखेचा घोळ

तारखेची किल्ली वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ठेवा म्हणजे क्रम आपोआप लागतो. इंटरनेटवर यासाठी एक झटपट उपाय सगळीकडे सापडतो, टू आयएसओ स्ट्रिंग करा आणि पहिली दहा अक्षरं कापा. भारतात हा उपाय दुधाच्या ॲपला नेमका मारतो. ते फंक्शन जागतिक वेळेने तारीख देतं, आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी जी नोंद कराल ती कालच्या तारखेला जाऊन बसते. दूध येतं पाचला! दुपारी टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. म्हणून गेट फुल इयर, गेट मंथ, गेट डेट ही तीन वापरून किल्ली स्वतः जोडा, महिना शून्यापासून मोजला जातो म्हणून एक मिळवा, आणि एकेरी आकड्याच्या आधी शून्य लावायला पॅड स्टार्ट आहे.

यादी आणि आकडे

यादीसाठी फ्लॅट लिस्ट. महिन्याचे तीसेक दिवस साध्या स्क्रोल व्ह्यूमध्येही मावतील, पण फ्लॅट लिस्ट स्क्रीनवर दिसतात त्याच्या आसपासच्याच ओळी काढते, पुढे वर्षाची यादी आली की फरक कळतो, सवय आत्ताच लावा. फ्लॅट लिस्ट स्क्रोल व्ह्यूच्या आत मात्र कोंबू नका, वॉर्निंग येते आणि तिचा सगळा फायदा जातो. वर मजकूर हवा असेल तर तिलाच हेडर देता येतो.

वेगळं माप टाकायला टेक्स्ट इनपुट, कीबोर्ड टाइप न्यूमेरिक. आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. आजी किंवा बाबा मराठी कीबोर्ड वापरत असतील तर त्यांनी टाकलेला आकडा ५०० असा मराठी अंकांत येऊ शकतो, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मराठी अंक ओळखत नाही, ते सरळ नॅन देतं, म्हणजे हा आकडाच नाही. मग एकूण रकमेच्या जागीही नॅन दिसतो आणि ॲप बिघडलं म्हणून फोन येतो. उपाय सोपा, आकडा वाचण्याआधी दहा मराठी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि प्रत्येक इनपुट त्यातूनच न्या. दाखवताना उलट करायचं तर टू लोकेल स्ट्रिंगला एमआर-आयएन द्या, मराठी अंक येतात आणि स्वल्पविराम आपल्या लाख-हजाराच्या पद्धतीने पडतात.

इनपुट कीबोर्डखाली झाकला जात असेल तर कीबोर्ड अव्हॉइडिंग व्ह्यू आहे. तो प्रत्येक फोनवर शहाण्यासारखा वागेलच असं नाही, म्हणून मी म्हणेन इनपुट स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागातच ठेवा आणि मोकळे व्हा.

सेव्ह करा

आत्ता ॲप बंद केलं की सगळं साफ, कारण स्टेट फक्त मेमरीत असतं. असिंक स्टोरेज नावाचं पॅकेज टाका, पण एनपीएम (नोडबरोबर येणारं पॅकेज आणायचं साधन) इन्स्टॉलने नाही, एनपीएक्स एक्स्पो इन्स्टॉलने. ही सवय प्रत्येक पॅकेजला लावा, ती कमांड तुमच्या एसडीकेला जुळणारं व्हर्जन शोधून देते, साधी एनपीएम जे सगळ्यात नवीन ते आणून टाकते आणि मग रात्रभर शोधत बसा काय बिघडलं.

असिंक स्टोरेजमध्ये फक्त मजकूर ठेवता येतो, म्हणून ठेवताना जेसन स्ट्रिंगिफाय आणि काढताना जेसन पार्स. ॲप उघडताना यूज-इफेक्टमध्ये, म्हणजे स्क्रीन काढून झाल्यावर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, एकदा वाचायचं, नोंदी बदलल्या की दुसऱ्या यूज-इफेक्टमध्ये लिहायचं. इतकं सरळ वाटतं आणि तरी यात सगळ्यात वाईट बग लपलेला आहे: ॲप उघडल्या उघडल्या नोंदी रिकाम्या असतात, वाचायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात लिहिणारा इफेक्ट पळतो आणि रिकामा ऑब्जेक्ट जुन्या माहितीवर सेव्ह करून टाकतो. महिन्याचा हिशोब गायब. म्हणून वाचून झालं का असं सांगणारं आणखी एक स्टेट ठेवा, सुरुवातीला फॉल्स, वाचून संपलं की ट्रू, आणि ते ट्रू असल्याशिवाय काहीही लिहायचं नाही.

ॲप अनइन्स्टॉल केलं की हा डेटा जातो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि हा साठा कुलूपबंद नसतो, पासवर्ड किंवा टोकन यात नको, त्याला एक्स्पोचं सिक्युअर स्टोअर आहे.

मराठी नीट दिसू द्या

फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्येही मराठी दिसतं, पण छान हवं असेल तर मुक्ता घ्या, मुंबईच्या एक टाइपने केलेला, मोफत आहे आणि एक्स्पोच्या गूगल फॉन्ट पॅकेजांमध्ये मिळतो. ठळक अक्षरांसाठी अँड्रॉइडवर नुसतं फॉन्ट वेट बोल्ड देऊन भागेलच असं नाही, ठळक फाइल वेगळी लोड करून फॉन्ट फॅमिलीत तिचंच नाव द्या.

इंग्रजी डिझाइनमधून उचललेली लाइन हाइट मराठीला पुरत नाही, वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, खालचे उकार अर्धे दिसतात. फॉन्ट १६ असेल तर लाइन हाइट २६ च्या आसपास ठेवून बघा. लेटर स्पेसिंग शून्यच राहू द्या, नाहीतर शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बटणांना ठरीव उंची देण्यापेक्षा पॅडिंग द्या, कारण घरातली मोठी माणसं फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवतात आणि मग ‘नेहमीचं’ मधलं अर्धं बटणाबाहेर जातं.

अडलात तर

एरर आली की लाल स्क्रीनवरची पहिली ओळ वाचा, पूर्ण वाचा, खालची लांबलचक यादी नंतर. कन्सोल लॉग टर्मिनलमध्ये दिसतो. टर्मिनलमध्ये इंग्रजी आर अक्षर दाबलं की ॲप पुन्हा लोड होतं, इंग्रजी जे अक्षर दाबलं की डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, उघडतो. विनाकारण विचित्र वागत असेल तर स्टार्टच्या पुढे --क्लिअर लावून कॅश साफ करा, आणि पॅकेजांचा संशय असेल तर एनपीएक्स एक्स्पो-डॉक्टर चालवा.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर तारीख बघा. एक्स्पो इनिट असं सांगणारा, रिॲक्ट नेटिव्ह लिंक चालवायला लावणारा किंवा असिंक स्टोरेज थेट रिॲक्ट नेटिव्हमधून इम्पोर्ट करणारा व्हिडिओ जुना आहे, बंद करा. एआयने लिहून दिलेल्या कोडमध्येही हीच जुनी भुतं निघतात, तेव्हा तिथेही याच खुणा शोधा.

पुढे सर्व्हर जोडाल तेव्हा एक लक्षात असू द्या, फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे. लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी द्यावा लागतो.

घरच्यांच्या फोनवर

एक्स्पो गो फक्त बनवतानापुरतं. आईच्या फोनवर टाकायला एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, लागते, आणि तीही अँड्रॉइड स्टुडिओशिवाय होते. एक्स्पोचं मोफत खातं काढा, ईएएस सीएलआय (एक्स्पोच्या बिल्ड सेवेचं कमांड साधन) एनपीएमने ग्लोबल इन्स्टॉल करा, मग ईएएस लॉगिन, ईएएस बिल्ड:कॉन्फिगर, आणि शेवटी:

ईएएस बिल्ड -पी अँड्रॉइड --प्रोफाइल प्रिव्ह्यू

प्रिव्ह्यू प्रोफाइलने एपीके मिळते, प्रॉडक्शनने एएबी, ती फक्त प्ले स्टोअरला चढवायची, फोनवर टाकायला गेलात तर उघडणार नाही. बिल्ड त्यांच्या सर्व्हरवर होतो, मोफत खात्याला रांगेत थांबावं लागतं आणि महिन्याला ठरावीकच बिल्ड मिळतात, म्हणून बारीकसारीक बदल एक्स्पो गोमध्येच संपवून घ्या. मध्ये कीस्टोर, म्हणजे ॲपवर सही करायच्या किल्लीची फाइल, बनवू का विचारेल, हो म्हणा. पॅकेजचं नावही विचारेल, ते विचार करून द्या, प्ले स्टोअरवर एकदा गेलं की बदलता येत नाही. शेवटी लिंक येते, ती व्हॉट्सॲपवर पाठवा, समोरच्याला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी द्यावी लागेल. आयफोनचं मात्र इतकं सोपं नाही. तिथे मॅक नसला तरी ईएएसवर बिल्ड होतो, पण खऱ्या आयफोनवर टाकायला ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरचं खातं लागतं, घरच्या दुधासाठी ते परवडत नाही.

प्ले स्टोअरवर टाकायचंच असेल तर एकदाच २५ डॉलर भरून डेव्हलपर खातं काढावं लागतं. आणि पैसे भरले की ॲप लगेच सगळ्यांना दिसेल असं नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक लोकांपुरतं टेस्टिंग, करावं लागतं, निदान १२ टेस्टर, सलग १४ दिवस, त्यानंतर प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांना खुलं करायला, अर्ज. पूर्वी हा आकडा २० होता. तेव्हा ॲप तयार व्हायच्या आधीच घरातले, सोसायटीतले, कॉलेजचे मिळून पंधरा-सोळा अँड्रॉइडवाले आणि त्यांचे जीमेल पत्ते जमवून ठेवा, नुसते बारा नकोत, मध्येच कुणीतरी टेस्टिंगमधून बाहेर पडतं आणि सलग चौदा दिवसांचा हिशोब तिथेच मोडतो.